मूळ ‘ध’ कुणाचा?

मराठी माणसाला निरोपात फिरवाफिरव झाल्याची तक्रार करायची असली, की ‘ध चा मा’ हे शब्द त्याच्या तोंडी येतातच. सभेच्या इतिवृत्तात ‘विचार करू’चे ‘मान्य केले’ झाले, वक्ता एक बोलला आणि मथळा भलताच आला, सासरचा सांगावा माहेरी पोचेपर्यंत त्याचे भांडण झाले, तर दोष कोणाचा हे ठरवायच्या आधीच आपण म्हणून मोकळे होतो, की मधल्यामध्ये कोणीतरी ध चा मा केला. शाळेच्या व्याकरणात याचा अर्थ एका ओळीत दिलेला असतो: मूळ मजकुरात फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे. तो अर्थ चुकीचा नाही. पण ज्या घटनेतून हा वाक्प्रचार निघाला तिच्याजवळ जाऊन पाहिले, तर त्यात आरोपाइतकाच बचावही भरलेला दिसतो. ‘मा’ करणाऱ्याकडे बोट दाखवताना तो ‘ध’ लिहिणाऱ्याला पाठीशी घालतो. मोडतोड झालेला निरोप मुळात कसा होता, तो कोणत्या हेतूने आणि कोणत्या वाटेने पाठवला, मोडतोडीचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हे प्रश्न मग कोणी विचारत नाही. पुढील लेखांचा विषय निरोपाचा विपर्यास हा आहे, म्हणून ते प्रश्न या प्रस्तावनेत जरा विस्ताराने मांडतो.

घटना सर्वांना ठाऊक आहे, पण तिचे तपशील सहसा एका वाक्यात गुंडाळले जातात. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव सतराव्या वर्षी पेशवे झाले. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि खरगसिंग हे त्यांचे म्होरके. दादांचा सेवक तुळाजी पवार त्यांना सामील. त्याच दिवशी कटाची कुणकुण रघुजी आंग्रे यांनी पेशव्यांच्या कानावर घातली होती. पेशव्यांनी बंदोबस्ताची आज्ञा हरिपंत फडके यांना दिलीही. हरिपंत जेवायला गेले आणि बंदोबस्त जेवणानंतरवर पडला. (हा दुसरा निरोप जसाच्या तसा, वेळेत, योग्य माणसाकडे पोचला होता आणि तरीही वाया गेला. त्याच्यावरून मात्र मराठीत वाक्प्रचार झाला नाही.) नारायणराव जिवाच्या आकांताने दादांच्या दालनात धावले आणि त्यांना बिलगले. तुळाजीने त्यांना ओढून बाजूला काढले, चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला, आणि सुमेरसिंग व त्याच्या साथीदारांनी दोघांनाही कापून काढले. पेशव्यांना अठरा पुरी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी पुढे चौकशी केली. तिच्यात असे निघाले म्हणतात, की दादांनी गारद्यांना दिलेल्या हुकमात नारायणरावांना ‘धरावे’ असे होते, त्याचे ‘मारावे’ झाले, आणि हा बदल केला तो दादांच्या पत्नी आनंदीबाई यांनी.

आता तो शब्दच डोळ्यांजवळ धरून पाहू. ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांतले ‘रावे’ दोन्हीकडे एकच. बदलायचे ते एक व्यंजन आणि वाढवायचा तो एक काना. वाक्प्रचार ‘ध चा म’ असा नसून ‘ध चा मा’ असा आहे तो यामुळेच. अडीचशे वर्षांच्या तोंडातोंडीत लोकांनी तो कानासुद्धा सांडू दिलेला नाही. बाकी सगळे जिथल्या तिथे राहते: कागद तोच, देणारा तोच, घेणारा तोच, ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस तोच. क्रियापदाचे रूपही तेच, विध्यर्थी. म्हणजे हुकमाचा सूरही बदलावा लागत नाही. एखादे पत्र मुळापासून बनावट असेल तर त्याला अक्षर, शाई, भाषा, प्रसंग असे सगळेच खोटे उभे करावे लागते आणि कुठे तरी शिवण उसवते. इथे उभे करायचे काही नाही. ‘मा’ला जे वजन आले ते त्याच्या शेजारच्या खऱ्या अक्षरांनी दिले. विपर्यास आणि थाप यांतला फरक नेमका इथे आहे, आणि म्हणूनच विपर्यास पकडणे थाप पकडण्यापेक्षा अवघड जाते. थापेत काही खरे नाही एवढे दाखवले की काम भागते. विपर्यासात जे खरे आहे ते मान्य करत करत शेवटी एका काडीपर्यंत यावे लागते.

पण मग ही काडी बदलण्याची सोय राहिलीच कशी? मराठेशाहीचे दफ्तर कागदाच्या बाबतीत मुळीच भाबडे नव्हते. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर जिथे संपे तिथे मोर्तब किंवा ‘लेखनसीमा’, म्हणजे खाली कोणाला एखादी ओळ घुसडता येऊ नये. शिवाजी महाराजांच्या मोर्तबातला मजकूरच मुळी ‘ही मर्यादा’ अशा अर्थाचा आहे. उत्तरेकडच्या दस्तऐवजांत रक्कम लिहिली की तिची निम्मी रक्कमही पुढे लिहीत, म्हणजे शंभराचे हजार करणाऱ्याला पन्नासाचेही पाचशे करावे लागत. आपण चेकवर ‘अक्षरी रुपये पाच हजार फक्त’ लिहितो, त्यातला ‘फक्त’ याच घराण्यातला. वाटेत कागदाला हात लागणारच, हे गृहीत धरून ही सगळी व्यवस्था बसवलेली होती. राघोबादादांच्या हुकमाला यांतले काय लाभले असेल? नजरकैदेतल्या माणसाने गादीवरच्या पेशव्याविरुद्ध काढलेला कागद फडातून जात नाही. त्याची नक्कल ठेवता येत नाही, त्यावर साक्ष घालता येत नाही, तो पोचल्यावर पोच मागवता येत नाही. उद्या गळ्याशी आले तर ‘तो मी नव्हेच’ म्हणता यावे, अशाच बेताने तो पाठवावा लागतो. आणि ज्या आडोशाने लिहिणाऱ्याला वाचवायचे, तोच आडोसा कागदात हात घालणाऱ्यालाही मिळतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: ज्या निरोपाची मालकी पाठवणाऱ्याला नको असते, त्याचाच बहुधा ध चा मा होतो, आणि झाल्यावर त्या फेरफारामागे सर्वांत आधी लपतो तो पाठवणारा.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा येईल, आणि तो रास्त आहे. हा कागद आज कोणापुढे नाही. मग त्यातल्या अक्षरावर एवढा डोलारा कशाला? ही हकिकत जिथून पसरली त्या ठिकाणांपैकी महत्त्वाचे म्हणजे ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. तो १८२६ साली प्रसिद्ध झाला, खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. त्यात धरावे-मारावे येते, रामशास्त्र्यांनी तो कागद मिळवल्याचेही येते; पण फेरफार आनंदीबाईंनी केला हे सांगताना डफ पुरावा देत नाही, तशी सार्वत्रिक समजूत असल्याचे सांगतो. म्हणजे निरोप कसा बिघडतो हे सांगणारा आपला सर्वांत लाडका दाखला आपल्यापर्यंत कर्णोपकर्णीच आलेला आहे. ही गंमत बाजूला ठेवली तरी आक्षेपाने माझे म्हणणे ढळत नाही, उलट बळकट होते. कागद खरा असेल तर तो दादांचा बचाव होता. कागद कल्पित असेल, तर तो बचाव लोकांनी त्यांच्यासाठी रचला, असे म्हणावे लागेल. चुलत्याने पुतण्याला मारवले, पेशव्यांच्या घरात, गणपतीच्या दिवसांत, ही गोष्ट पचवायला जड होती. चुलत्याने फक्त धरायला सांगितले होते आणि बायकोने घात केला, ही गोष्ट त्या मानाने बरीच हलकी होते. अटकेपर्यंतच्या मोहिमेशी ज्याचे नाव जोडलेले त्या पुरुषाचे हातही थोडे स्वच्छ राहतात. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९ च्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने आणि प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने आनंदीबाईंची कारस्थानी प्रतिमा मराठी मनात पक्की बसवली. आपल्याकडे घरात फूट पाडणाऱ्या बाईला आनंदीबाई म्हणतात. गुप्तपणे हुकूम देऊन नंतर नामानिराळ्या राहणाऱ्या पुरुषाला मात्र कोणी राघोबा म्हणत नाही.

रामशास्त्र्यांनी मात्र या अक्षराला फारसा भाव दिलेला दिसत नाही, आणि ज्यांच्या तोंडी हा वाक्प्रचार येतो त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे ते हेच. दादांनी आपण केवळ धरण्याचा हुकूम दिला होता असे सांगितल्यावरही शास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या गावी निघून गेले, अशी हकिकत आहे. कारण सरळ आहे. मूळ ‘ध’ तरी कुठे निरागस होता? गादीवर बसलेल्या धन्याला पकडा, असा हुकूम पगार थकलेल्या हत्यारबंद शिपायांच्या हातात देणे हाच राजद्रोह होता. पुन्हा, ज्याच्या निरोपाचा असा भयंकर विपर्यास झाला त्याने विपर्यास करणाऱ्यांवर काय कारवाई केली? गारद्यांना पकडून शासन करण्याऐवजी दादांनी त्यांना आपल्याजवळ राखले आणि त्याच वर्षी पेशवाईची वस्त्रे घेतली. आपल्या तोंडी नसलेला शब्द घालून घेतलेले फळ त्यांनी नाकारले नाही. नारायणरावांची विधवा पत्नी गंगाबाई गरोदर असल्याचे कळून बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारभार हाती घेतला, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, तेव्हा दादा मागे हटले का? मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि पहिले इंग्रज-मराठे युद्ध दारात आणले. फेरफाराने दुखावलेल्या माणसाचे हे वागणे नव्हे.

आपल्या परंपरेत याच्या नेमका उलट दाखला आहे आणि तोही मराठीत वाक्प्रचार होऊन बसला आहे: ‘नरो वा कुंजरो वा’. द्रोणपर्वात युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे सांगितले. हत्ती की माणूस हे त्याने ऐकू जाणार नाही असे पुटपुटले. इथे निरोपाची मोडतोड करणारा मधला कोणी नाही. बोलणाराच आपल्या वाक्याचा आवाज असा लावतो, की ऐकणाऱ्याने चुकीचाच अर्थ घ्यावा. महाभारतकार त्याला सोडत नाही. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकतो. शब्द अक्षरशः खरे होते ही सबब तिथे ऐकून घेतलेली नाही. रामशास्त्र्यांचा निकाल मला या जातीचा वाटतो. ‘ध चा मा’ वापरताना मात्र आपण एक धर्मराज शोधत असतो, ज्याचा रथ दुसऱ्या कोणीतरी खाली ओढला.

मराठीत निरोप बिघडवण्यासाठी शब्दांची वाण नाही. तिखटमीठ लावणे, पराचा कावळा करणे, कान भरणे, मखलाशी करणे, मल्लिनाथी करणे, विपर्यास करणे. प्रत्येकाची छटा निराळी. तिखटमीठ लावणारा मूळ पदार्थ बदलत नाही. पराचा कावळा करणाऱ्याकडे पीस तरी असते. मखलाशी हा तर दफ्तरातला शब्द. यादीतल्या कलमासमोर वरिष्ठाने लिहिलेला निर्णय म्हणजे मखलाशी, आणि आज तिचा अर्थ शब्दांच्या कसरतीने सारवासारव असा उरला आहे. सर्वांत अन्याय झाला आहे तो मल्लिनाथावर. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिताना त्याने सुरुवातीलाच हमी दिली होती, की मुळात नाही असे काही लिहिणार नाही आणि गरजेपेक्षा जास्त बोलणार नाही. त्याच्याच नावाने आपण आगंतुक, फुकटच्या शेरेबाजीला मल्लिनाथी म्हणतो! छापखान्यातल्या चुकांना मुद्राराक्षसाचा खेळ म्हणतात तीही अशीच एक उचल: विशाखदत्ताच्या त्या नाटकात राक्षस हा अमात्य, मुद्रा ही त्याची अंगठी, आणि चाणक्याने त्या खऱ्या मुद्रेने खोटे पत्र मोहोरबंद करून राक्षसाला अडकवले. या सगळ्या गोतावळ्यात ‘ध चा मा’चे वेगळेपण हे, की त्यात बदल अगदी अल्प आणि परिणाम जीवघेणा असावा लागतो. ‘करणे’ लावले तर हेतू आला, ‘होणे’ लावले तर अपघात. बोलताना आपण हे दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि कर्ता सांगायचा नसेल तेव्हा ‘झाला’ फार उपयोगी पडतो.

अक्षर न बदलता, एकही शब्द पदरचा न घालता ध चा मा करता येतो, याचा प्रसिद्ध दाखला युरोपातला आहे. १३ जुलै १८७० रोजी प्रशियाचा राजा विल्हेल्म एम्स इथे विश्रांतीसाठी होता. स्पेनच्या गादीवर आपल्या घराण्यातला कोणी पुन्हा कधीही बसणार नाही, अशी हमी फ्रेंच राजदूत बेनेदेत्ती याने त्याच्याकडे मागितली. राजाने ती नाकारली, पण सभ्यपणे. नंतर कळवले, की उमेदवारी मागे घेतल्याला दुजोरा मिळाला आहे आणि आता आणखी सांगण्यासारखे काही नाही. ही हकिकत तारेने बर्लिनला बिस्मार्ककडे गेली आणि ती प्रसिद्ध करायची की नाही हे त्याच्यावर सोडले गेले. बिस्मार्कने तार फक्त छोटी केली. मधला सौजन्याचा भाग गेला. उरले ते असे, की राजदूताने मागणी केली आणि राजाने पुन्हा भेटायला नकार देऊन सेवेतल्या अधिकाऱ्याकरवी तसे कळवले. त्यात भर म्हणून जर्मन तारेतला त्या अधिकाऱ्याचा हुद्दा फ्रेंचमध्ये कनिष्ठ दर्जाच्या शिपाईगड्याचा वाचला गेला. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. बिस्मार्कने पुढे आठवणींत ही काटछाट अभिमानाने सांगितली. इथेही तीच मांडणी दिसते: मूळ मजकुरातला प्रत्येक शब्द खरा, पाठवणाऱ्याने निर्णय दुसऱ्याच्या हवाली केलेला, आणि वाचणारा आधीच पेटायला बसलेला. फ्रान्समध्ये युद्धाची हौस असलेला पक्ष नसता तर ती चार ओळींची बातमी एक आठवडा गाजून विरली असती. गारद्यांचे पगार थकलेले नसते आणि त्यांना बक्षिसाची आशा नसती तर ‘मा’ वाचूनही कोणी तरी एकदा विचारले असते, की हे खरेच असे लिहिले आहे का.

इथे दुसरा, अधिक अवघड आक्षेप उभा राहतो. पाठवणाऱ्यावर असा संशय घेत गेलो तर ज्याच्या शब्दांवर खरोखर अन्याय झाला त्यालाही आपण राघोबांच्या रांगेत बसवणार का? प्रत्येक ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला’ हे ढोंगच समजायचे का? नाही. आणि तो फरक कसा ओळखायचा हे टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात पाहता येते. ‘केसरी’त १२ मे रोजी आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनच्या ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांसाठी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी लेखांचा निवाडा त्यांच्या हाती, म्हणजे प्रत्यक्षात सरकारी भाषांतराच्या हाती. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. मी असे लिहिलेच नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला नाही. लेख आपले म्हणून त्यांनी स्वीकारले, मूळ मराठी पुढे ठेवले, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि शब्दाशब्दाला त्याचा अर्थ, त्याचे वजन, मराठीतली त्याची जागा यांवर दिवसचे दिवस युक्तिवाद केला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन मंडालेला गेले, हा भाग वेगळा. त्यांच्या तक्रारीतला प्रामाणिकपणा निकालावर अवलंबून नव्हता. ज्याचा खरा विपर्यास होतो त्याला मूळ मजकूर लोकांपुढे आणण्याची घाई असते, कारण तोच त्याचा साक्षीदार. ज्याला विपर्यासाची सबब हवी असते तो मूळ मजकुरापासून जितके दूर राहता येईल तितके राहतो: ध्वनिफीत आहे पण ती पूर्ण नाही, संदर्भ वेगळा होता पण तो काय होता हे नंतर सांगू, भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत. दोघांचेही शब्द वरवर सारखेच असतात. कोण कागदाकडे चालला आहे आणि कोण कागदापासून लांब, एवढे पाहायचे.

आजच्या निरोपांना मात्र पाठवणाराच सापडत नाही, मग हे सगळे तिथे कसे लागू पडणार, असेही कोणी विचारील. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्यांत एक चित्रफीत फार चालली: गल्लीत खेळणाऱ्या मुलाला मोटरसायकलवरचे दोघे उचलून नेतात. मूळ फीत कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. भारतात फिरली ती हा शेवट कापून. बिस्मार्कसारखीच फक्त काटछाट, पदरचे काही नाही. त्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाच गप्पांपुरतीच पाठवणी ठेवली. पण निरोप आलाच तर त्याखाली आपण काय लिहितो? ‘आले तसे पुढे पाठवले’. खात्री नाही, जबाबदारी नाही, तरी तुम्हाला कळावे म्हणून. लाखो हातांत वाटले गेले असले तरी हे नजरकैदेतल्या दालनातून गुपचूप सरकवलेल्या त्याच कागदाचे रूप आहे. प्रत्येक पाठवणारा निरोपाचा फायदा घेतो, गटात चार माणसे ‘सावध केल्याबद्दल आभार’ म्हणतात, आणि मालकी मात्र मागच्या माणसाकडे ढकलली जाते. शेवट कोणी कापला ते कधीच कळणार नाही; पण ते कळेपर्यंत बाकीचे निर्दोष, असा हिशेब त्यामुळे जमत नाही.

कायद्याने हा हिशेब केव्हाच मांडून ठेवला आहे. महत्त्वाच्या जागी खाडाखोड किंवा बदल करून कागद खोटा करणे हा गुन्हा आहेच. त्यामुळे ‘मा’ करणाऱ्याला मोकळे सोडा, असे मी म्हणत असल्याचा समज कोणी करून घेऊ नये. पण १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १११ होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ५१ म्हणून तसेच आले आहे. एका कृत्याला चिथावणी दिली आणि घडले दुसरेच, तरी घडलेली गोष्ट त्या चिथावणीतून घडण्याजोगी असेल तर चिथावणी देणारा घडलेल्या कृत्यालाच जबाबदार, असे ते सांगते. त्याखाली कायद्याच्या रिवाजाप्रमाणे उदाहरणे दिली आहेत. एकात क्ष हा दोघांना मध्यरात्री माणसे राहत असलेले घर फोडायला पाठवतो, लुटीसाठी, आणि त्यासाठी त्यांना हत्यारे पुरवतो. घरातला एक जण प्रतिकार करतो आणि ते त्याला ठार मारतात. मारा, असे क्षने सांगितलेले नाही. खून होणे संभाव्य होते असे ठरले, तर खुनाची शिक्षा क्षला होते. त्याने सांगताना नेमका कोणता शब्द वापरला होता, हे त्या उदाहरणात दिलेलेच नाही.